लाजेने चेहरा लाल होणे : केवळ पित्त नव्हे

‘अंगात उष्णता फार झाली आहे, चारचौघांत बोलायला उभे राहिले की चेहरा लाल होतो, कान तापतात,’ अशी तक्रार घेऊन येणारे तरुण रुग्ण सर्व चिकित्सकांच्या परिचयाचे आहेत. ‘उष्णता’ हा शब्द कानी पडताच कामदुधा, प्रवाळपिष्टी, गुलकंद यांची योजना होते. आमच्या मते तत्पूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : ‘घरी एकटे असताना असे होते का?’

व्यवच्छेदक निदान : उत्तर होकारार्थी असल्यास रजोनिवृत्ती, थायरॉईडची अतिक्रियाशीलता, रोझेशिया, मद्यपान तसेच अॅम्लोडिपिनसारखी रक्तदाबावरील औषधे यांचा विचार करावा. केवळ लोकांसमोरच चेहरा तापत असेल व काही मिनिटांत निवळत असेल, तर मूळ भयात शोधावे. सावळ्या वर्णात लाली दिसत नाही, परंतु दाह तितकाच जाणवतो, हेही ध्यानी असावे.

संप्राप्ति : भयाने वात प्रकुपित होतो आणि वात हाच मनाचा नियंता होय. आधुनिक मतानुसार सिंपथेटिक चेतासंस्थेच्या उत्तेजनाने चेहऱ्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात. ही क्रिया इच्छेने रोखता येत नाही. ‘आता लाल होणार’ या धास्तीनेच लाली वाढते. मग रुग्ण प्रसंग टाळतो, तात्काळ सुटका मिळते व टाळण्याची सवय दृढ होते. अशाने तोंडी परीक्षा, नोकरीची मुलाखत, लग्नाची बोलणी हातची जातात. नुसत्या पित्तशामक औषधांवर गेलेले महिने येथे महाग पडतात.

चिकित्सा : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 11 व्या अध्यायात सांगितलेली सत्त्वावजय चिकित्सा येथे प्रधान मानावी. रुग्णाकडून भीतीच्या प्रसंगांची सोप्यापासून कठीणापर्यंत यादी करून घ्यावी. प्रथम दुकानदाराच्या नजरेला नजर देऊन भाव विचारणे, मग अनोळखी व्यक्तीला पत्ता विचारणे, पुढे वर्गात शंका विचारणे, असा क्रम ठेवावा. भय ओसरेपर्यंत तेथून निघू नये. रुमालाने चेहरा झाकणे, वारंवार आरसा पाहणे सोडवावे. लक्ष स्वतःच्या गालांवर न ठेवता समोरच्याच्या बोलण्यावर ठेवण्यास सांगावे.

मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने सहायक म्हणून प्रकृतीनुसार योजावीत. यष्टीमधु दीर्घकाळ देताना रक्तदाब पाहावा. चहा-कॉफी व जागरण कमी करावे. शिक्षण वा नोकरी सुटत असेल, धीर येण्यासाठी मद्याचा आधार घेतला जात असेल किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांकही द्यावा.

औषधविक्रेत्यांसाठी : मुलाखतीपूर्वी ‘धडधड थांबवणारी गोळी’ म्हणून प्रोप्रानोलोल चिठ्ठीविना देऊ नये, दमा असलेल्यास ते घातक ठरू शकते. गोरेपणासाठी घेतलेल्या स्टेरॉईडयुक्त मलमांनी चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन लाली कायमची जडू शकते. 2018 च्या अधिसूचनेनंतर अशा अनेक मलमांना चिठ्ठी आवश्यक झाली आहे.

पुनर्तपासणीस ‘लाली थांबली का?’ असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाने लक्ष पुन्हा लालीकडेच वळते. ‘या आठवड्यात किती ठिकाणी बोललात?’ असे विचारावे. लाली असतानाही रुग्ण बोलू लागला, की उपशयाचा आरंभ झाला असे समजावे.