सॉफ्टवेअर बदलले, प्लगइन कोणते घ्यावेत?

लग्नाच्या ऑर्केस्ट्रासाठी, दुकानांच्या जाहिरातींसाठी घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणारे अनेक बांधव आम्हाला विचारतात की, सॉफ्टवेअर बदलले, आता प्लगइन कोणते घ्यावेत? आमचे उत्तर ऐकून काहीजण हिरमुसतात. आधी जुने काम वाचवा, खरेदी मागाहून.

ड्रिल मशीनला जसे वेगवेगळे बिट बसतात, तसे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला प्लगइन बसतात. कोणी आवाजाची जाड-बारीक बाजू सुधारतो, कोणी चढउतार आवरतो, कोणी घुमारा देतो. पण हॅमर ड्रिलचा बिट साध्या मशीनला बसत नाही, तीच गत येथे आहे. स्टाईनबर्ग कंपनीने १९९६ साली व्हीएसटी हा प्रकार आणला व तो बहुतेक ठिकाणी चालतो. ॲपलच्या लॉजिकला मात्र ऑडिओ युनिट लागते आणि प्रो टूल्सला एएएक्स. एकच प्लगइन अनेकदा तिन्ही प्रकारांत मिळतो, तेव्हा घेण्यापूर्वी आपला प्रकार पाहावा.

आमची स्वतःची चूक सांगतो. सॉफ्टवेअर बदलताना आम्ही जुने सॉफ्टवेअर काढून कॉम्प्युटर साफ केला. मूळ रेकॉर्डिंग होते, म्हणून निर्धास्त होतो. पुढे एका दुकानदाराने आपली जुनी जाहिरात मागितली, फक्त फोन नंबर बदलून. तेव्हा कळले की आवाजावर केलेले सारे संस्कार जुन्या सॉफ्टवेअरच्या अंगच्या प्लगइनमध्ये होते, ते त्याच्याबरोबर गेले. दोन रात्री जागून सगळे नव्याने केले. पैसे मागायला तोंड नव्हते.

हे कोणावरही येऊ शकते. गिब्सन कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये केकवॉकचे काम थांबवले, तेव्हा सोनार वापरणारे हजारो लोक दुसरीकडे वळू लागले. सोनारमधील प्रोचॅनल बाहेर चालतच नाही. २०१८ साली बँडलॅबने ते सॉफ्टवेअर घेऊन फुकट दिले, म्हणून अनेकांचे जुने काम उघडले तरी.

म्हणून जुने सॉफ्टवेअर चालू आहे तोवर प्रत्येक ट्रॅक २४ बिट वेव्ह फाईलमध्ये काढावा, एकदा प्लगइनसह व एकदा कोरा. सर्व फाईली गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू व्हाव्यात, म्हणजे कुठेही टाकल्या तरी ताल जुळतो. गाण्याची लय किती ठेवली होती तेही लिहून ठेवावे.

आता खरेदी. नव्या सॉफ्टवेअरसोबत जे येते त्यावर निदान एक पूर्ण काम करून पाहावे. आम्ही रीपर वापरतो. त्यातील रीईक्यू व रीकॉम्प एवढ्यावर गायकाचा आवाज आणि ढोलक नीट बसते. पंख्याची घरघर असेल तर रीफिर त्या घरघरीचा नमुना घेऊन ती कमी करतो. (पंखा बंद ठेवणे अर्थात जास्त स्वस्त.) विंडोजवर दुसरे सॉफ्टवेअर असेल तरी हे तिन्ही फुकट मिळतात.

विकत घेण्याजोगा प्लगइन पारखताना एक फसगत टाळावी. जो आवाज मोठा, तो कानाला चांगला वाटतो, आणि बरेच प्लगइन लावताच आवाज थोडा वाढतो. प्लगइन लावलेला व न लावलेला आवाज एकाच पातळीवर आणून मग ऐकावा. आम्ही असे केले तेव्हा यादीतले निम्मे प्लगइन आपोआप गळाले. चोरीच्या प्रती घेऊ नयेत. त्या ऐन कामात बंद पडतात, व्हायरस आणतात, आणि त्यांचे बिल कुणाला दाखवणार?

रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येते. लहान धंद्यासाठी त्याचा परवाना ६० डॉलरला आहे. तोवर प्लगइनची यादी कागदावरच राहू द्यावी, आणि एखाद्या कामात जे खरोखर अडले तेवढ्याच नावापुढे खूण करावी.