मुक्या जिवांची बाजू : पशुवैद्य, संशोधन आणि नीती

प्रवराकाठच्या माणसाला जनावरांची ओळख करून द्यावी लागत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण गोठ्याच्या आसपास गेले आहे. माझ्या लहानपणीचे एक दृश्य मात्र आजही विसरता येत नाही. वस्तीजवळच्या मोकळ्या जागेत गोऱ्हे ठेचले जात. गोऱ्ह्याला दोरांनी पाडायचे, चारी पाय बांधायचे आणि दगडाने त्याचे वृषण ठेचायचे. त्याचा हंबरडा कानी पडू नये म्हणून आम्ही मुले दूर पळत असू. पुढे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर चिमटा घेऊन येऊ लागले आणि तेच काम काही क्षणांत, रक्त न सांडता होऊ लागले. शेतकरी तोच होता आणि त्याची गरजही तीच होती. जनावराच्या वाट्याचे दुःख मात्र कितीतरी कमी झाले.

या अनुभवातून एक गोष्ट मनावर ठसली. दया त्या शेतकऱ्याच्या अंतःकरणात पूर्वीही होती, परंतु तिच्या हाती साधन नव्हते. ते साधन पशुवैद्याने आणले. करुणेला ज्ञानाची जोड देणारा हा माणूस प्राणिकल्याणाच्या आणि संशोधननीतीच्या क्षेत्रात नेमके काय करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इतिहासाची साक्ष

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून प्रथम सम्राट अशोकाकडे वळतो. गिरनारच्या खडकावर कोरलेल्या त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याची, तसेच औषधी वनस्पती आणवून लावल्याची नोंद आहे. पहिल्या शिलालेखात तर तो एक प्रांजळ कबुली देतो. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर व एक हरीण एवढेच मारले जातात आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे तो सांगतो. दोष कबूल करणे, संख्या जाहीर करणे आणि ती कमी करत नेणे ही पद्धत आजच्या संशोधननीतीला फार जवळची आहे.

आधुनिक काळात या विद्येचा पाया आपल्याच प्रांतात घातला गेला. प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालण्यासाठी मुंबईत १८७४ मध्ये संस्था स्थापन झाली. सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि त्याच परिसरात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुण्यात १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. संसर्गजन्य जंतूंवर काम करण्यासाठी निर्जन जागा हवी, म्हणून ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. त्या काळी बुळकांडीने गावेच्या गावे बैलांविना ओस पडत. तो रोग २०११ मध्ये जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय.

आपल्यावरील ऋण

ज्ञानाची किंमत कोणीतरी मोजलेली असते. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी तयार केलेली लस प्रथम सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव दिले गेले.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण सर्पदंशाचे आहे. उसाच्या फडात घोणस चावलेल्या माणसाला दवाखान्यात जी लस देतात, ती घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला अत्यल्प मात्रेत, क्रमाक्रमाने वाढवत टोचतात. त्याच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार झाली की ठरावीक प्रमाणात रक्त काढून त्यापासून औषध बनवितात. किती रक्त काढावे, दोन वेळांमध्ये विश्रांती किती द्यावी, टोचलेल्या जागी गळू झाले तर काय करावे आणि थकलेल्या घोड्याला या कामातून केव्हा मुक्त करावे, हे पाहणारा पशुवैद्य तेथे नसेल, तर आपला जीव वाचविणारे औषध दुसऱ्या जिवाच्या छळावर उभे राहील.

गरज आणि इच्छा

मग प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाहीच? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हा आंधळा नियम नसून विवेकाने आचरावयाचे तत्त्व आहे, अशी त्यांची मांडणी आहे. प्रयोगशाळेच्या दारात नेमका हाच विवेक लागतो. हा प्रयोग खरोखर गरजेचा आहे, की केवळ सवयीचा, पदवीचा किंवा नावलौकिकाचा भाग आहे?

भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा प्रश्न कलमबद्ध केला. प्रयोग टाळता येत असेल तर टाळावा. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये. शस्त्रक्रिया भूल देऊनच करावी. केवळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग करू नयेत, असे त्याचे सूत्र आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली होती : प्राण्याऐवजी दुसरा पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा, पद्धत सुधारून वेदना कमी करा. प्रयोगानंतर वाचलेल्या प्राण्याचे पुनर्वसन, हे चौथे तत्त्व भारताने त्यात जोडले. आपल्यापैकी जे विज्ञान शाखेला गेले, त्यांना बेडकाचे विच्छेदन आठवत असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये महाविद्यालयांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले आणि २०१४ मध्ये ते थांबविण्याचे निर्देश दिले.

समितीतील पशुवैद्य

१९९८ च्या नियमांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, प्राणिगृहाचे प्रमुख असतात, बाहेरचे प्रतिनिधी असतात आणि एक पशुवैद्य असतो. शास्त्रज्ञ आपला उद्देश सांगतो. त्या उद्देशासाठी प्राण्याला काय सोसावे लागेल, हे सांगण्याचे काम पशुवैद्याचे असते. गाईगुरे वेदना लपवितात, कारण कळपात दुबळे दिसणे धोक्याचे असते. रवंथ थांबणे, दात खाणे, कान पडणे, एका पायावरचा भार काढणे या खुणा त्याला वाचता येतात. उंदराच्या मिटलेल्या डोळ्यांवरून आणि फुगलेल्या गालांवरून वेदना मोजण्याच्या श्रेणीही आता तयार झाल्या आहेत. भूल कोणती द्यावी आणि कोणत्या टप्प्यावर प्रयोग थांबवावा, हे आधीच लिहून ठेवावे लागते.

येथेच त्याची खरी कसोटी लागते. मानवी डॉक्टरचा रुग्ण बोलतो आणि स्वतःची संमती देतो. पशुवैद्याचा रुग्ण बोलत नाही आणि फी देणारा तर दुसराच असतो. गोठ्यात तो मालक असतो, प्रयोगशाळेत पशुवैद्याला पगार देणारी संस्था असते. अशा वेळी ‘हे थांबवा’ असे म्हणण्याचे धैर्य पशुवैद्याकडे नसेल, तर समितीचे कामकाज नुसत्या सह्यांपुरते उरते.

आपल्या गोठ्यापर्यंत

हा विषय केवळ शहरातील प्रयोगशाळांचा नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय विकसित केली. अशा गाईंनी आपल्या भागातील अनेक घरांची चूल पेटती ठेवली. तथापि दुधाच्या लिटरबरोबर तिचे खूर, कासेचे आजार आणि उन्हाचा त्रास यांचीही नोंद ठेवणे हे नीतिमान संशोधनाचे लक्षण होय. २०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत गोठ्यागोठ्यांतून फिरणारे पशुवैद्य आपण पाहिले. ती लसही कोणत्यातरी जनावरावर आधी तपासली गेली होती.

उसाच्या बैलगाडीचे उदाहरण अधिक बोचरे आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार ओढकामाच्या बैलाकडून दिवसात नऊ तासांहून अधिक, किंवा विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते, तेथे दुपारी १२ ते ३ त्याला जुंपता येत नाही. हे नियम योग्यच आहेत. परंतु त्याच गाडीवर पहाटेपासून बसलेल्या, उचलीत अडकलेल्या ऊसतोड कामगाराचे तास कोण मोजतो? बैलाच्या मानेवरची जखम पाहणाऱ्या डोळ्यांना त्या माणसाच्या हाताचे घट्टेही दिसले पाहिजेत. माणसाला वगळणारी प्राणिदया अपुरी असते, आणि माणसाच्या दुःखाची सबब सांगून बैलाला चाबूक मारणेही अन्यायच असतो.

माजी विद्यार्थ्यांसाठी

आपल्या पूर्वजांवर मेलेली ढोरे ओढण्याचे काम लादले गेले; जिवंत जनावराला बरे करण्याच्या विद्येचे दार मात्र त्यांना बंद होते. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी ती लाचारी झुगारण्याचे आवाहन केले. आज पशुवैद्यक महाविद्यालयाचे दार आपल्या मुलामुलींना खुले आहे. मुंबई, शिरवळ, नागपूर येथे हे शिक्षण मिळते. बारावीनंतर केवळ एकाच प्रकारच्या डॉक्टरकीचा विचार करणाऱ्या पालकांनी या वाटेकडेही पाहावे.

आणखी एक गोष्ट. नीतिसमितीत विज्ञानक्षेत्राबाहेरचा, सामाजिक जाणीव असलेला एक सदस्य नियमानेच असावा लागतो. त्याला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. हे कशासाठी, किती जिवांवर आणि दुसरा मार्ग नाही का, एवढे तीन प्रश्न निर्भयपणे विचारता आले पाहिजेत. हे प्रश्न आपल्या वसतिगृहातील मुले रोजच्या जगण्यातून शिकलेली असतात. कोणाचे तरी दुःख ‘चालतेच की’ म्हणून झटकले जाते तेव्हा काय वाटते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्या खुर्चीवर बसण्याची संधी आपल्यापैकी कोणाला मिळाली, तर ती अवश्य घ्यावी.