रानातली प्रयोगशाळा : आदिवासी मुलांसाठी उघड्यावरचे विज्ञान

(अभ्यासलेख : मंडळी, संडे स्कूल शिक्षक, तरुण संघ आणि महिला मंडळांसाठी)

शास्त्रवाचन : उत्पत्ती २:१९-२०, १ राजे ४:२९-३४, ईयोब १२:७-१०, मत्तय ६:२६-३०



आपल्या सेवाक्षेत्रातील वसतिगृहे आणि शाळा यांच्यासाठी आपण पुस्तके, गणवेश, धान्य आणि प्रार्थना पुरवता. या अंकातील अभ्यासात आपण एका वेगळ्या गरजेकडे पाहणार आहोत. आदिवासी पाड्यावरचा मुलगा किंवा मुलगी पाचवी-सहावीत येते तेव्हा तिला पन्नासेक झाडे पानावरून ओळखता येतात. कोणते कंद भाजून खायचे आणि कोणते उकळून पाणी फेकून द्यायचे, हे तिला ठाऊक असते. खेकडा कोणत्या बिळात असेल आणि मोह कोणत्या दिवसांत गळतो, हेही ती सांगते. तीच मुलगी विज्ञानाच्या पेपरात नापास होते आणि 'मला विज्ञान जमत नाही' असे म्हणू लागते. पुढे ती शाळा सोडते. पुस्तक प्रमाण मराठीत आणि घरची बोली वारली, कोकणा, भिली, पावरी किंवा माडिया, ही एक अडचण झाली. दुसरी अडचण अशी की, तिला जे येते ते शाळेत कोणी विचारतच नाही. आपल्या घरचे ज्ञान म्हणजे अडाणीपणा, असा धडा ती न शिकवता शिकते. ही हानी गुणपत्रिकेत दिसत नाही, पण मुलाच्या मनावर ती खोल उमटते.

१. शास्त्राचा आधार

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव पशुपक्ष्यांना आदामाकडे आणतो आणि तो त्यांना काय नावे देतो ते पाहतो. मनुष्याला सोपवलेल्या पहिल्या कामांपैकी हे एक आहे : नीट पाहणे, फरक ओळखणे आणि नाव देणे. विज्ञानाची सुरुवात याहून वेगळी नाही. नावे देवाने तयार करून दिली नाहीत, ती माणसाला देऊ दिली, हेही लक्षात घ्यावे. म्हणून मूल आपल्या बोलीत झाडाचे नाव सांगते तेव्हा ते चूक ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुस्तकातले नाव त्याच्या शेजारी लिहावे.

शलमोनाच्या शहाणपणाचे वर्णन करताना १ राजे या पुस्तकात त्याच्या न्यायनिवाड्याबरोबर झाडे, पशू, पक्षी, सरपटणारे जीव आणि मासे यांच्याविषयीचे त्याचे बोलणेही नोंदले आहे. उंच गंधसरूइतकेच भिंतीच्या फटीतले लहान झुडूपही त्याला महत्त्वाचे वाटले. ईयोब आपल्या मित्रांना पशू, पक्षी आणि जमीन यांच्याकडे शिकायला पाठवतो. आणि आपला प्रभू? डोंगरावर बसून शिकवताना त्याने लोकांना पाखरांकडे व रानफुलांकडे पाहायला सांगितले. तेथे तो वरवर नजर टाकायला सांगत नाही. ती फुले कशी वाढतात याचा विचार करायला सांगतो.

२. आपल्या आधी चाललेले

ही वाट नवी नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा आणि सुवार्ता हे त्यांचे काम होते, पण चालता चालता ते दगड पाहत. सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरजवळ टाकळी परिसरात वनस्पती, गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि कीटक यांचे जीवाश्म गोळा केले. 'हिस्लोपाइट' हे खनिजाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. गोंड लोकांची भाषा, गीते व चालीरीती यांची नोंदही त्यांनी तितक्याच आदराने केली. १८६३ मध्ये नदी ओलांडताना पुरात त्यांचा अंत झाला. आदिवासींच्या गोंडांविषयीची त्यांची टिपणे १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. खडक आणि माणूस, दोघांकडेही शिकण्याच्या वृत्तीने पाहणारा हा सेवक आपण आठवणीत ठेवावा.

दुसरे उदाहरण पालघर जिल्ह्यातले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेले. वारली मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव 'कुरणशाळा'. मूल जेथे आहे तेथून शिक्षण सुरू करायचे, हा त्यामागचा साधा विचार होता.

तिसरे उदाहरण मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याचे. १९७२ मध्ये 'किशोर भारती' ही संस्था आणि क्वेकर ख्रिस्ती बांधवांचे रसुलिया येथील 'फ्रेंड्स रूरल सेंटर' यांनी मिळून १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. मुले लहान गटांत स्वतः प्रयोग करत, शेतात व नाल्यावर परिभ्रमणाला जात आणि जे दिसले ते स्वतःच्या शब्दांत लिहीत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचे नव्हते. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि २००२ पर्यंत चालला. महागडी उपकरणे नसतानाही हे होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

३. एक पाठ सविस्तर : पाऊस मोजणे

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच भागात एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडा घेऊन मैलोन्‌मैल चालतात आणि पाड्यावर टँकरची वाट पाहिली जाते. असे का, हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारावा, यासाठी हा पाठ आहे.

*साहित्य :* सरळ बाजूंची प्लास्टिकची रिकामी बाटली, कात्री, थोडे खडे, पट्टी, चिकटपट्टी.

*कृती :* बाटलीचा वरचा तिसरा भाग कापावा आणि उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवावा. बाटलीचा तळ वाकडा असतो, म्हणून तेथे खडे भरून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओतावे. त्या रेषेवर शून्य लिहावे. तेथून वर मिलिमीटरच्या खुणा कराव्यात. झाडे व छपरापासून दूर, उघड्या जागी चार दगडांच्या आधाराने ती ठेवावी. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी कोठवर आले ते वाचावे. आपले हवामान खातेही याच वेळी पाऊस मोजते. वाचून झाल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या रेषेवर आणावे. मुसळधार पावसात बाटली भरून वाहू शकते, म्हणून त्या दिवशी दोनदा वाचावे.

*गणित :* एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आता मुलांना शाळेचे छप्पर मोजायला सांगा. ते १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असेल तर क्षेत्र ५० चौरस मीटर. एका रात्री ४० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या छपरावरून २,००० लिटर पाणी वाहून गेले. मोसमात २,००० मिलिमीटर पाऊस झाला तर एक लाख लिटर. गळती आणि उडून जाणारे पाणी म्हणून पाचवा भाग सोडला तरी ८०,००० लिटर उरते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर पाच हजारांहून अधिक हंडे होतात.

हा आकडा फळ्यावर येतो तेव्हा वर्ग गप्प होतो, कारण त्यातला प्रत्येक हंडा कोणाच्या तरी आईच्या डोक्यावरचा असतो. पन्हळ कशी लावायची, पहिल्या पावसाचे घाण पाणी का सोडून द्यायचे, टाकी कोठे बसेल, असे प्रश्न मग मुलेच विचारू लागतात. भागाकार-गुणाकाराचा कंटाळा करणारी मुले हे गणित पुन्हा पुन्हा करून पाहतात.

*नोंद :* ३० जूनपर्यंत किती पाऊस झाला, भाताची आवणी कोणत्या दिवशी सुरू झाली, ओढा कधी आटला, हे भिंतीवरील तक्त्यात लिहावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की त्या पाड्याच्या कामाच्या ठरतात.

४. आणखी चार लहान पाठ

*काठीची सावली.* मैदानात काठी सरळ उभी करा आणि सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत सावलीच्या टोकावर खडे ठेवा. सर्वांत आखूड सावलीची रेषा दक्षिणोत्तर दिशा दाखवते. आपल्याकडे ती वेळ घड्याळात बारा नसून साधारण साडेबाराच्या आसपास येते, कारण घड्याळ पूर्वेकडील मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेले आहे. डहाणू-जव्हार भागात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. उन्हाळी बायबल शाळा त्याच सुमारास भरते, तेव्हा हा पाठ अवश्य घ्यावा.

*दोरीचा चौरस.* चार मीटर दोरीने एक मीटरचा चौरस करा. आतल्या वेगवेगळ्या रोपांचे व किड्यांचे प्रकार मोजा. एक चौरस गुरे चरतात तेथे आणि एक कुंपणाच्या आत घ्यावा. दोन्हींची तुलना मुलांनीच करावी.

*मुंगीची साक्ष.* नीतिसूत्रे ६:६ आपल्याला मुंगीकडे पाठवते. मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या की पाऊस येतो, असे वडीलधारी सांगतात. हे खरे की खोटे, असा वाद घालू नये. मुंग्या अंडी नेताना दिसल्या की तारीख लिहावी आणि पुढच्या दोन दिवसांत पाऊस झाला की नाही तेही लिहावे. जुळले तेव्हाही लिहावे आणि जुळले नाही तेव्हाही. दोन्ही नोंदी प्रामाणिकपणे ठेवणे हाच विज्ञानाचा गाभा आहे, आणि खऱ्या साक्षीची सवयही त्यातूनच लागते.

*एक झाड, एक वर्ष.* प्रत्येक मुलाने एक मोह निवडावा. पाने कधी गळली, पहिले फूल कधी पडले, फळ कोणी खाल्ले, वटवाघुळे आली का, हे लिहावे. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो आणि त्यातून वणवा लागतो. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलता येतात का, हे मुले मोठ्यांबरोबर करून पाहू शकतात.

५. आजी-आजोबा हेही शिक्षक

परिभ्रमणाला जाताना गावातील एखाद्या जाणत्या आजीला किंवा आजोबांना मानाने बोलवावे. त्यांना खुर्ची द्यावी, त्यांचे मानधन द्यावे आणि त्यांनी बोलीत सांगितलेले मुलांनी लिहून घ्यावे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जाते. मुलांच्या नोंदी तिला हातभार लावू शकतात. मात्र औषधी वनस्पतींची माहिती ही त्या कुटुंबाची ठेव आहे. त्यांच्या संमतीशिवाय ती छापू नये आणि बाहेर देऊ नये.

ही सेवा सर्व मुलांसाठी आहे. मूल कोणत्या श्रद्धेच्या घरचे आहे हे विचारून त्याला रानात नेऊ नये, आणि गावाच्या देवराईत जायचे तर गावाची परवानगी घेऊनच जावे. प्रीतीला अट नसते.

६. सावधगिरी

दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी. पायांत बूट असावेत. दगड किंवा पालापाचोळा हाताने न उचलता काठीने उचलावा. अनोळखी फळ किंवा अळिंबी तोंडात घालू नये. जून आणि ऑक्टोबरमध्ये वीज कडाडू लागली की झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत यावे. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. मुलाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता, प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात ताबडतोब न्यावे. १०८ क्रमांक प्रत्येक शिक्षकाला पाठ हवा. वनक्षेत्रात जाण्यापूर्वी वन खात्याला कळवावे.

७. मंडळीने काय करावे?

इमारतीला दान देणे सोपे जाते, कारण तिचा फोटो येतो. वर्षभर भरलेल्या वहीचा फोटो तितका उठून दिसत नाही, पण मुलाच्या मनात ती वही इमारतीपेक्षा अधिक काळ उभी राहते. वह्या, दोऱ्या, भिंगे, मोजपट्ट्या, बूट आणि प्रथमोपचार पेटी एवढेच या कामाला लागते. आपल्या मंडळीतील निवृत्त शिक्षक, परिचारिका, शेतकी पदवीधर यांनी वर्षातून दोन शनिवार दिले तरी एका वसतिगृहाचे काम पुढे सरकेल. हंगामाच्या उपासनेत मुलांचे तक्ते वेदीजवळ धान्याशेजारी मांडावेत. तेही पहिले पीकच आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. देवाने नावे देण्याचे काम मनुष्याकडे सोपवले, यावरून मुलांच्या मातृभाषेविषयी आपण काय शिकतो?
२. आपल्या संडे स्कूलमधील मुलांना दहा झाडे ओळखता येतात का? ती त्यांना कोण शिकवू शकेल?
३. आपल्या चर्चच्या छपराचे क्षेत्रफळ काढा. गेल्या पावसाळ्यात त्यावरून किती लिटर पाणी वाहून गेले असेल?
४. ज्यांना आपण शिकवायला जातो त्यांच्याकडून शिकण्याची आपली तयारी आहे का?

प्रार्थनेचे विषय

पाड्यांवरील शिक्षक व वसतिगृहातील अधीक्षकांसाठी. शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलींसाठी. उन्हाळ्यात पाण्यासाठी चालणाऱ्या मातांसाठी. आणि आपल्याला पाहणारे डोळे व ऐकणारे कान मिळावेत म्हणून.