पेन्सिल घरी ठेवून जा

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, प्राचार्य निवडायच्या समितीवर मला घेतलंय. मी हिशेब तपासणारी बाई, तिथे जाऊन काय करू? चहा घेईन, सही करून येईन." ते 'सही करून येईन' रात्रभर डोक्यात फिरत राहिलं. म्हणून सकाळी उठून लिहायलाच बसले. फोनवर तू मला कुठे बोलू देतेस!

आधी तुझी खुर्ची कुठली ते समजून घे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे तुमच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष हेच निवड समितीचे अध्यक्ष. मंडळातले आणखी दोघं ते नेमतात, त्यातला एक शैक्षणिक प्रशासनातला जाणकार लागतो. तो मान तुमच्या उपाध्यक्षांना दिलाय म्हणतेस, म्हणजे दुसरी तू. मग कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी आणि तीन बाहेरचे तज्ज्ञ. टेबलाभोवती सगळे डॉक्टर, फक्त तू एकटी नाहीस. तुला गप्प बसवायला तेवढं पुरेसं आहे. पण एक ध्यानात ठेव. निकाल लागला की तज्ज्ञ मंडळी गाड्यांत बसून आपापल्या गावी जातील. त्या माणसाबरोबर पाच वर्षं राहायचंय ते तुम्हाला. नेमणूक पाच वर्षांची असते, पुढे कामगिरी बघून आणखी पाच वाढवता येतात. म्हणजे चुकलात तर निदान पाच वर्षं भोगायची.

पात्रतेची काळजी तू करू नकोस. पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव, निदान दहा शोधनिबंध, संशोधनाचे किमान ११० गुण, हे सगळं छाननीत पाहिलं जातं. उमेदवार चार-चार किलोच्या फायली घेऊन येतील. त्या उचलून बघ, फार वाचू नकोस. शोधनिबंध मात्र सहज चाळ. एकाच अंकात सोयाबीनची पेरणी, संत साहित्य आणि शेअरबाजार असं सगळं छापणारं नियतकालिक दिसलं, तर ते कसलं दुकान आहे हे हिशेबाच्या माणसाला सांगायला नको. रँग्लर परांजपे १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले तेव्हा २६ वर्षांचे होते. आजच्या छाननीत त्यांचा अर्ज पहिल्याच टेबलावरून परत आला असता! नियम वाईट आहेत असं नाही म्हणत मी. नियमांच्या आधी काय काय चालायचं तेही पाहिलंय. पण कागदावर पात्र ठरलेल्या पाच जणांतून माणूस ओळखायचं काम कुठलाही नियम करत नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्यापाशीच ठेव.

नोकरीत असताना एका कॉलेजात मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. नाव सांगत नाही. वाचनालयात उमेदवार बसवलेले, आत आम्ही. बटाटेवडे, काजूकतली, सगळं कसं घरच्यासारखं. गुणांचे तक्ते वाटले आणि अध्यक्ष अगदी मायेनं म्हणाले, "मॅडम, पेन्सिलनं भरा हं. शेवटी सगळ्यांचं जुळवून घेऊ." मला ते सोयीचंच वाटलं, खोडता येतं म्हणून. मुलाखती झाल्या. एक बाई होत्या, तुटक बोलणाऱ्या, पण प्रत्येक उत्तरात त्यांच्या कॉलेजातला एखादा खरा प्रसंग यायचा. मी त्यांना सर्वांत जास्त गुण दिले. शेवटी अध्यक्षांनी खोडरबर माझ्याकडे सरकवलं. शब्द नाही, काही नाही, नुसतं खोडरबर. आणि मी खोडलं गं. गाडी खाली उभी होती, साडेपाच वाजले होते, सगळ्यांचं एकमत होत होतं. ज्यांना नेमलं ते गृहस्थ गोड बोलायचे. दोन वर्षांनी त्या गावची एक मुलगी भेटली, तिथे तासिका तत्त्वावर शिकवणारी. म्हणाली, "सात महिने मानधन नाही. सरांना विचारलं तर म्हणतात, संस्थेला कसं विचारू?" ते खोडरबर मला आजही दिसतं.

संस्थेला विचारू न शकणारा प्राचार्य. संस्थाचालकांना तोच हवा असतो, आणि त्यात तूही आलीस बरं का. 'आपलं ऐकणारा', 'सगळ्यांशी जुळवून घेणारा', 'आपल्यातला' हे शब्द समितीत कानावर आले की सावध हो. तुम्हाला नाही म्हणू शकेल असा माणूस शोधायचाय. एखाद्या सदस्याच्या भाच्याला प्रवेश, कुणाच्या मेव्हण्याला रंगकामाचं कंत्राट, परीक्षेच्या दिवसांत सभागृह लग्नाला. या तीन गोष्टींना सरळ तोंडावर नाही म्हणेल तो.

मुलाखतीत हे कसं कळणार? 'तुमचं व्हिजन काय' असं विचारून तर मुळीच नाही. ते उत्तर सगळे पाठ करून येतात, नॅकचा वरचा दर्जा आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्यात येतंच. तू साधं विचार. "संस्थेनं सांगितलेली एखादी गोष्ट तुम्ही केली नाहीत, असं कधी झालं? मग काय झालं?" जो म्हणेल "आमच्यात कधी मतभेदच नव्हते", त्याच्यापुढे मनात फुली मार. दुसरं विचार, "तुमच्या कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे शेवटची तक्रार कधी आली?" छाती फुगवून "एकही नाही" म्हणणारे भेटतील. दीड-दोन हजार मुलं-मुली, शंभरेक कर्मचारी, आणि वर्षानुवर्षं एकही तक्रार नाही? मुलींना तिथे तक्रार करायची सोय वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि महाविद्यालय विकास समितीच्या बैठका किती झाल्या ते विचार. कायद्यानं ती समिती असावीच लागते आणि प्राचार्य तिचा सचिव असतो. इतिवृत्ताच्या वहीत काय लिहिलंय हे ज्याला आठवतं तो काम केलेला. बाकीचे लेटरहेडवरचे.

पण खरं काम मुलाखतीच्या आधीचं आहे. तुझ्या हातात अजून तीन आठवडे आहेत ना? नावं कळली की प्रत्येकाच्या कॉलेजला एक चक्कर टाक. प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊ नकोस. ऑफिसात जा, ग्रंथपालांशी बोल, मुलींच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी आहे का बघ. शिपायाला विचार, "सर किती वाजता येतात?" तो नुसता हसला तरी तुला कळेल. मुख्य लिपिकाशी तर तुझी भाषा जुळेलच. पगारबिलं वेळेवर जातात का, सहसंचालक कार्यालयातून फायली किती वेळा परत येतात, हे तुझ्यासारखीनं विचारलं की ते मनापासून सांगतात. समितीतल्या सातही डॉक्टरांपैकी कुणी एवढं करणार नाही.

आता तुमच्या प्रभारी सरांबद्दल. चार वर्षं सांभाळतायत, चांगले आहेत, तुझ्या लेकाला शिकवलंय, वहिनी दिवाळीला फराळ पाठवतात. मला ठाऊक आहे, तुझं मन तिकडे आहे. त्यांना नको म्हण असं मी म्हणत नाही. पण प्रभारी असताना माणूस रोजची सही करतो आणि भांडण पुढच्या माणसासाठी ठेवतो. तेव्हा त्यांनाही तेच प्रश्न विचार, त्याच सुरात. फराळाचे गुण वेगळ्या वहीत.

आणि एक. मुलाखतीच्या आधी कुणाच्या तोंडून 'बांधकाम निधी', 'संस्थेला मदत' असलं काही आलं, उमेदवाराच्या बाजूनं असो की आपल्या बाजूनं, तर त्याच दिवशी अध्यक्षांना लेखी कळव. तोंडी नको. त्यानं तू मंडळातून बाहेर पडलीस तरी चालेल. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, फक्त ओरडून.

निवड त्याच दिवशी करून, गुणपत्रकं जोडून, सगळ्यांनी सह्या करायच्या असतात. म्हणजे घाई होणारच, आणि खोडरबर घाईतच सरकवलं जातं. तुझे गुण तू प्रत्येक मुलाखत संपताच लिही, शेवटपर्यंत थांबू नकोस. मत वेगळं पडलं तर ते इतिवृत्तात लिहायला सांग आणि लिहिलेलं वाचूनच सही कर.

तारीख ठरली की कळव, आदल्या रात्री फोन करते. आणि जाताना पर्समध्ये दोन बॉलपेनं टाक. पेन्सिल घरी ठेवून जा.