लमेटासॉरसचे कवच

जीवाश्मांचा पाठ घेताना शिक्षकबंधुभगिनींनी पुढील हकीकत वर्गात अवश्य सांगावी.

जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे. त्यावरून तेथील खडकांस ‘लमेटा थर’ हे नाव पडले. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे हे थर आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही आढळतात व तेथेही डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीत चार्ल्स मॅटली यांना कमरेची हाडे, पायाचे नळीचे हाड आणि सुसरीच्या पाठीवर असतात तशा हाडांच्या पुष्कळ चकत्या सापडल्या. ही सारी एकाच प्राण्याची, असे धरून त्यांनी १९२३ साली ‘लमेटासॉरस इंडिकस’ हा कवचधारी डायनोसॉर जाहीर केला.

१९३५ साली चक्रवर्ती यांनी आपल्या लेखात विचारले, हा प्राणी खरोखर कवचधारी होता काय? कमरेची व पायाची हाडे तर दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरची दिसत होती. मग चकत्या कोणाच्या? १९८० साली अर्जेंटिनातील साल्टासॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरच्या कातडीत अशा चकत्या असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचे भाऊबंद लमेटा थरांत विपुल आहेत. जबलपूरच्या चकत्याही त्यांच्याच असाव्यात, असे आता मानतात. म्हणजे भक्षक व भक्ष्य कदाचित एकाच कातड्यात शिवले गेले होते!

प्रस्तुत लेखकाने शिक्षक असताना या कवचधारी प्राण्याचे चित्र कित्येक वर्षे फळ्यावर काढले. चूक कळल्यावर पुढील वर्गास ती सांगितली. आधीच्या मुलांना सांगता आली नाही, याची रुखरुख अद्याप आहे.

पाठासाठी साहित्य विकत आणण्याची गरज नाही. एकाच मातीच्या दोन फुटक्या मडक्यांची खापरे मिसळावीत, काठांचे तुकडे बाजूस ठेवावेत आणि ‘हे एक मडके जुळवा’ एवढेच सांगावे. मुले काहीतरी जुळवतातच. नंतर दोन्ही काठ पुढे ठेवावेत व मुलांनाच बोलू द्यावे.

आपल्या डोंगरात डायनोसॉर सापडेल काय, असे मुले हटकून विचारतील. आपल्या जिल्ह्याचा काळा पाषाण तप्त लाव्हारस थिजून झालेला आहे. त्यात अशी हाडे मिळण्याचा संभव फारच थोडा. विहीर खणताना वरच्या मातीत हाड निघाले, तर ते बहुधा बैलाचे असेल. तरीही ते कोठे, किती खोलीवर व कशाच्या शेजारी मिळाले, याची नोंद मुलांकडून वहीत करवून घ्यावी.