आधी प्रश्न, मग हेडसेट

चि. ओंकार,

अंबाबाईचं देऊळ व्हर्च्युअल रिॲलिटीत उभं करायचा तुझा बेत कळला. समया, घंटानाद, गर्दी, सगळं घालणार आहेस म्हणे. देखणं होईल, शंका नाही. पण त्यातून नवीन काय कळणार?

रोमचं उदाहरण बघ. ऑगस्टसनं इजिप्तहून आणवलेला ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, आरा पाचिस या वेदीजवळ उभारला होता. त्याच्या वाढदिवशी, 23 सप्टेंबरला, स्तंभाची सावली वेदीकडे जायची, असं एडमंड बुखनर यांनी 1976 मध्ये मांडलं. कल्पना इतकी सुंदर की पुस्तकांतून ती ठाण मांडून बसली. जागेवर जाऊन पडताळावं, तर तीही सोय नाही. स्तंभ आज दुसऱ्याच चौकात आहे आणि वेदी 1938 मध्ये टायबरकाठी नव्यानं जुळवली. बर्नार्ड फ्रिशर यांच्या चमूनं दोन्ही वास्तू संगणकात मूळ जागी ठेवल्या, नासाच्या गणितावरून त्या काळचा सूर्य घेतला आणि सावल्या पडू दिल्या. वाढदिवसाची गोष्ट काही टिकली नाही. उलट 9 ऑक्टोबरला, अपोलोच्या उत्सवादिवशी, वेदीसमोरून सूर्य स्तंभाच्या टोकावर दिसला असता, असं त्यांनी 2013 मध्ये सांगितलं. त्यावरही वाद झाले, पण स्तंभाची उंची किती, जागा नेमकी कोणती, अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. मला हेच आवडतं.

तुझ्याकडे तर किरणोत्सव आहे! मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात आणि वाटेतल्या इमारती त्यांना अडवतात, ही तक्रार जुनीच. कोणती इमारत, कोणत्या दिवशी, किती किरणं अडवते? हे तुझ्या मॉडेलला विचार. गरुड मंडप नंतरचा. तो काढून टाकला तर काय फरक पडतो, तेही बघ.

मात्र जुनं रूप दाखवताना जिथे पुरावा नाही, तो भाग वेगळ्या रंगात ठेव. संगणकीय पुनर्रचनांसाठीच्या 2009 च्या लंडन चार्टरचा आग्रह हाच आहे की पुरावा कुठला आणि अंदाज कुठला, ते पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. हेडसेट चढवला की दगड आणि तुझी कल्पना सारख्याच खऱ्या वाटतात, म्हणून सांगते.

नोव्हेंबरच्या किरणोत्सवाआधी महाद्वार ते गाभारा हे अंतर आणि उंबऱ्यांच्या पातळ्या मोजून घे. लेझर स्कॅनर नाही मिळाला तर टेप आणि लेव्हलवर भागव. परवानगीचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाक. तिथे वेळ लागतो.

तुझी,
आत्या