इंजिन बदलले, तारा कशा जोडाव्या?

जवळा बाजारच्या आसपास सोयाबीनचे रान पुष्कळ. सोयाबीन वाळले की शेंगा तडकू लागतात आणि दाणा रानातच सांडतो. अशा दिवसांत कापणीचे यंत्र चार दिवस उभे राहिले तर मालकाचा जीव खालीवर होतो. गडी वेळेला मिळत नाहीत, आणि आभाळाचा काही भरवसा नाही.

म्हणून वर बसून चालवायच्या छोट्या कापणी यंत्राचे इंजिन निकामी झाले की काही जण दुसरे इंजिन आणून बसवतात. मोठ्या शहरांत मैदानाचे गवत कापायला असेच बसून चालवायचे यंत्र असते. त्याचीही तीच गत. बोल्ट जुळतात, पट्टा चढतो, इंजिन जागेवर बसते. मग तारांचा जुडगा हातात येतो आणि काम तिथे अडते. जुन्या इंजिनाच्या तारा सात, नव्याच्या पाच. रंग वेगळे, टोकेही वेगळी.

"गुरुजी, लालला लाल जोडायची, काळीला काळी. त्यात काय एवढं?" असे एकाने आम्हांला विचारले. आम्ही म्हणालो, "बाबा, रंग ज्या त्या कारखान्याने आपल्या सोयीने ठरवलेला असतो. एकाची काळी तार अर्थची असते, तर दुसऱ्याची काळी तार इंजिन बंद करण्याची असते. तारेचा रंग विचारू नये, तिचे काम विचारावे."

तर आता एकेका तारेचे काम पाहू.

सर्वांत जाड तार बॅटरीपासून सेल्फकडे जाते. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी लहान मोटार. पूर्वी हे काम हाताने हँडल मारून होत असे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडत असे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा सेल्फ बसवला गेला, तेव्हापासून हँडल हळूहळू मागे पडले. सेल्फ क्षणभरच फिरतो, पण तेवढ्यात फार मोठा प्रवाह ओढतो. किल्लीच्या बारीक तारेला तो सोसत नाही. म्हणून मध्ये सोलेनॉइड असते. किल्ली सोलेनॉइडला इशारा देते आणि सोलेनॉइड जाड तार जोडते. जाड तारेच्या जागी घरात पडलेली बारीक वायर लावली तर ती तापते, वितळते. बाजूला पेट्रोलची टाकी आहे, हे विसरू नका.

दुसरी जाड तार बॅटरीच्या वजा टोकापासून यंत्राच्या अंगाला जाते. हिला अर्थ म्हणतात. ही जिथे कसाल तिथला रंग आणि गंज पॉलिश कागदाने घासून लोखंड उघडे करा. आमच्या मते 'सेल्फ उचलत नाही' या तक्रारीत पुष्कळदा दोष सेल्फचा नसून या गंजलेल्या अर्थचाच असतो.

तिसरे काम चार्जिंगचे. इंजिन फिरले की त्याच्या चाकाखालची कॉइल वीज तयार करते. ती वीज उलटसुलट वाहणारी असते, बॅटरीला चालत नाही. रेग्युलेटर नावाची डबी ती सरळ करते आणि तिचा दाबही आवरते. जुन्या इंजिनाचा रेग्युलेटर नव्याला चालेलच असे नाही. नव्या इंजिनाबरोबर आलेला असेल तोच लावावा.

आता खरी गोम चौथ्या तारेत आहे. ही इंजिन बंद करण्याची तार. दिसायला बारीक, पण नुकसान हिच्यापायीच फार होते.

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. या लहान इंजिनांत ती बॅटरीतून येत नाही. इंजिनाच्या चाकात लोहचुंबक बसवलेले असते. ते कॉइलजवळून फिरते आणि त्यातून ठिणगीची वीज उत्पन्न होते. याला मॅग्नेटो म्हणतात. जर्मनीतील बॉश यांच्या कारखान्यात १९०२ साली असा जोरदार ठिणगीचा मॅग्नेटो तयार झाला, आणि लहान इंजिनांत ती युक्ती अजून चालू आहे. इंजिन एकदा चालू झाल्यावर बॅटरीची तार निघाली तरी ते चालतच राहते.

मग ते बंद कसे करायचे? कॉइलची एक बारीक तार बाहेर काढलेली असते. ती यंत्राच्या अंगाला टेकली की ठिणगी मरते आणि इंजिन थांबते. म्हणजे तार जोडली की इंजिन बंद, सोडली की चालू. घरातल्या दिव्याच्या बटणाच्या हे अगदी उलट झाले.

मोटारीची किल्ली मात्र दिव्याच्या बटणासारखी वागते. 'चालू' केली की ती तारेत बॅटरीची वीज सोडते. तशी किल्ली इथे बसवून ती तार बंदच्या तारेला जोडली, तर बॅटरीचे १२ व्होल्ट सरळ कॉइलमध्ये शिरतात. नवी कॉइल जळून जाते. इंजिन नवे, तारा नव्या, आणि प्लगला ठिणगी नाही! डिझेल इंजिन काढून पेट्रोलचे बसवताना हा घोटाळा सहज होतो. डिझेलला ठिणगी नसते, ते तेल तोडून बंद करतात. काही डिझेल इंजिनांत तेल चालू ठेवायला बॅटरीची वीज सतत लागते. ती जुनी वीज असलेली तार तिथेच लोंबत असते, आणि उतावळा माणूस तीच नव्या इंजिनाला जोडून मोकळा होतो.

आणखी एक फसगत आहे. काही पेट्रोल इंजिनांत कार्ब्युरेटरखाली पेट्रोल अडवणारी लहान डबी असते. तिला बॅटरीची वीज हवीच असते. तिची तार आणि बंदची तार कधी कधी शेजारी-शेजारी येतात. म्हणून तार जिथून निघते तिथपर्यंत बोटाने माग काढावा.

किल्लीच्या पाठीवर बहुधा इंग्रजी अक्षरे असतात. बी म्हणजे बॅटरी, एस म्हणजे स्टार्टर, एम म्हणजे मॅग्नेटो, जी म्हणजे अर्थ. ही चार अक्षरे ओळखायला शिका. मोटारीच्या किल्लीवर एम सापडणार नाही. मग ती दुकानदाराला परत द्यावी, तो स्वस्त देत असला तरी.

जोडण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. १२ व्होल्टचा एक बल्ब घ्या आणि त्याला दोन तारा लावा. सेल्फची जाड तार सेल्फवरून काढून तिच्या टोकाला चिंधी गुंडाळा. किल्लीकडून आलेली बंदची तार अजून इंजिनाला लावू नका. बल्बची एक तार यंत्राच्या अंगाला आणि दुसरी या बंदच्या तारेला लावून किल्ली सगळ्या खुणांवर फिरवा. बल्ब एकदाही लागता कामा नये. लागला तर तार चुकली. मग अंगाला लावलेले टोक काढून बॅटरीच्या अधिक टोकाला लावा आणि गादीवर एकाला बसवा. आता किल्ली 'बंद'वर असताना बल्ब लागला पाहिजे आणि 'चालू'वर विझला पाहिजे. एवढे जमले की तार बिनधास्त जोडा.

गादीखाली किंवा क्लचजवळ लहान बटण असते. माणूस खाली पडला तर इंजिन थांबावे, गिअरमध्ये असताना सेल्फ लागू नये, यासाठी ते असते. काही मिस्त्री "कटकट नको" म्हणून त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळून देतात. असा मिस्त्री आमच्या दारी आला तर आम्ही त्याला चहा देऊ, पण यंत्राला हात लावू देणार नाही. पुढे धारदार पाती फिरत असतात, हे त्याला कळायला हवे.

बॅटरीवर काम करताना वजा टोक आधी काढावे आणि शेवटी लावावे. अधिक टोकाच्या तारेत, बॅटरीजवळच, इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज घालावा. सेल्फची जाड तार तेवढी फ्यूजबाहेर राहते.

इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर मीटर लावून पाहा. वेगात असताना काटा साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टमध्ये असावा. बारावरच राहिला तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेला तर इंजिन लगेच बंद करून रेग्युलेटर पाहावा.

शेवटी चिकटपट्टीचे तुकडे घ्या. त्यांवर पेनाने 'सेल्फ', 'अर्थ', 'चार्जिंग', 'बंद', 'किल्ली' असे स्वतःच्या हाताने लिहा आणि ज्या त्या तारेला गुंडाळा. कोणती तार कुठून कुठे जाते ते एका कागदावर काढून बॅटरीच्या झाकणाला आतून चिकटवा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल.